यकृताचे विकार आणि प्रतिजैविके : मेंदूवरील दुष्परिणामांची ओळख

यकृताच्या जुनाट विकाराने ग्रस्त असलेला रुग्ण जंतुसंसर्ग झाल्याने रुग्णालयात दाखल होतो. त्याला प्रतिजैविके सुरू केली जातात, ताप उतरतो आणि चार-पाच दिवसांनी तो असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी नातेवाईकच नव्हे, तर अनेकदा उपचार करणारेही याचे कारण यकृतातच शोधतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. मात्र काही रुग्णांमध्ये हा गोंधळ यकृतामुळे नव्हे, तर संसर्गावर दिल्या जाणाऱ्या औषधामुळेच उद्भवलेला असतो. दोन्ही अवस्था वरकरणी सारख्या दिसतात; त्यांचे उपचार मात्र भिन्न आहेत. पहिल्या अवस्थेत प्रतिजैविक चालू ठेवणे आवश्यक असते, दुसऱ्या अवस्थेत ते थांबवणे किंवा बदलणे.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. वसंत कुंज येथील यकृत आणि पित्तविज्ञान संस्था अर्थात आयएलबीएस, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि गोविंद बल्लभ पंत रुग्णालय येथे उत्तर भारतातून यकृताचे गंभीर रुग्ण येतात. यांतील अनेकांनी आधी गावी किंवा लहान रुग्णालयात एक-दोन प्रतिजैविके घेतलेली असतात. त्यामुळे रुग्णाने कोणते औषध, किती दिवस आणि किती मात्रेत घेतले, ही माहिती निदानाच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

यकृताच्या विकारात मेंदू का बिघडतो?

आतड्यातील जिवाणू प्रथिनांचे विघटन करताना अमोनिया तयार करतात. निरोगी यकृत या अमोनियाचे युरियात रूपांतर करते आणि तो लघवीवाटे शरीराबाहेर जातो. सिरोसिसमध्ये यकृताचा बराचसा भाग व्रणयुक्त आणि कठीण होतो. आतड्याकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून थेट मुख्य रक्तप्रवाहात मिसळू लागते आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. मेंदूतील तारकापेशी त्याचे ग्लुटामिनमध्ये रूपांतर करतात, त्यांच्यात पाणी शिरते आणि त्या सुजतात. या अवस्थेला वैद्यकीय परिभाषेत हिपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात.

या आजाराची सुरुवात सौम्य असते. रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, चिडचिड करतो, साधी बेरीज-वजाबाकी चुकवतो. हात पुढे ताठ धरून पंजे मागे वळवण्यास सांगितले असता ते फडफडतात. हे लक्षण ॲडम्स आणि फोली या डॉक्टरांनी १९४९ साली नोंदवले. पुढे रुग्णाला दिवस, वार आणि ठिकाण यांचे भान राहत नाही आणि अखेरीस तो बेशुद्ध होतो. तीव्रतेनुसार या आजाराच्या चार श्रेणी मानल्या जातात.

जंतुसंसर्ग, पोटातील रक्तस्राव, बद्धकोष्ठता, शरीरातील पाणी व क्षार कमी होणे आणि झोपेची औषधे ही हा आजार बळावण्याची नेहमीची कारणे आहेत. संसर्ग हे त्यांतील एक प्रमुख कारण आहे. म्हणूनच प्रतिजैविके घेत असताना रुग्ण गोंधळला, तर दोष औषधाचा की संसर्गाचा, हे ठरवणे कठीण जाते.

जे औषध तारते, तेच बाधते

यकृतजन्य मेंदूविकाराचा आणि प्रतिजैविकांचा संबंध जुना आहे. लंडन येथील शीला शरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. अमोनिया आतड्यातील जिवाणूंपासून तयार होतो, तर ते जिवाणू कमी करावेत, या विचारातून निओमायसिन हे प्रतिजैविक वापरात आले. त्याचा उपयोग होत असे; परंतु हे औषध थोड्या प्रमाणात का होईना, रक्तात शोषले जाते आणि दीर्घकाळ घेतल्यास कानाच्या नसांना व मूत्रपिंडांना इजा करते. यातून येणारे बहिरेपण बहुधा कायमचे असते. पुढे मेट्रोनिडाझोलचाही याच हेतूने वापर झाला. पण दीर्घ उपचारात त्याचा मज्जातंतूंवर परिणाम होत असल्याने तो मागे पडला.

दरम्यान १९६६ साली झ्युरिच येथील डॉक्टरांनी लॅक्टुलोज या न पचणाऱ्या साखरेचा उपयोग दाखवून दिला. आजही पातळ औषधाच्या रूपात दिले जाणारे लॅक्टुलोज हाच उपचाराचा पाया आहे. त्याला जोड मिळाली ती रिफॅक्झिमिन या प्रतिजैविकाची. हे औषध आतड्यातच काम करते आणि रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या २९९ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, रिफॅक्झिमिन घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे २२ टक्के जणांना पुन्हा झटका आला. औषधाविना राहिलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते.

दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयातील डॉक्टरांनी १२० रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. लॅक्टुलोजसोबत रिफॅक्झिमिन दिलेल्या गटात ७६ टक्के रुग्ण पूर्णपणे शुद्धीवर आले, तर केवळ लॅक्टुलोज दिलेल्या गटात सुमारे ५१ टक्के. मृत्यूचे प्रमाणही पहिल्या गटात सुमारे २४ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ४९ टक्के असे आढळले. यकृताच्या रुग्णाच्या मेंदूला सर्वच प्रतिजैविके घातक असतात, असा समज करून घेणे म्हणूनच चुकीचे आहे. कोणते औषध, किती मात्रेत आणि कोणत्या अवस्थेत दिले, हा खरा प्रश्न आहे.

धोका कशामुळे वाढतो?

अनेक औषधांचे विघटन यकृतात होते. यकृत क्षीण झाले की औषध शरीरात अधिक काळ टिकते आणि नेहमीच्याच मात्रेने त्याचा साठा वाढत जातो.

दुसरे कारण प्रथिनांशी निगडित आहे. यकृतात तयार होणारे अल्ब्युमिन हे प्रथिन अनेक औषधांना रक्तात बांधून ठेवते. सिरोसिसमध्ये अल्ब्युमिन घटते, त्यामुळे औषधाचा मोकळा आणि म्हणून सक्रिय असा भाग वाढतो.

तिसरे कारण मूत्रपिंडांचे आहे आणि तेच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. यकृताच्या गंभीर रुग्णांमध्ये मूत्रपिंडांचे कार्यही मंदावते. ते मोजण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासले जाते. परंतु क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते आणि सिरोसिसच्या रुग्णाचे स्नायू झिजलेले असतात. परिणामी मूत्रपिंडे निकामी होत असतानाही अहवालातील आकडा सामान्य दिसू शकतो आणि औषधाची मात्रा कमी करण्याची गरज लक्षात येत नाही.

याशिवाय, आजारामुळे रक्त आणि मेंदू यांच्यातील नैसर्गिक अडसर दुबळा होऊ शकतो आणि एरवी बाहेर राहणारी औषधे मेंदूत अधिक प्रमाणात शिरतात. मूत्रपिंडांच्या विकारात क्रिएटिनिनवरून मात्रा ठरवण्याची सूत्रे आहेत; यकृतासाठी तितके नेमके मोजमाप उपलब्ध नाही. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, जलोदर आणि मेंदूची अवस्था या पाच निकषांवर आधारित चाइल्ड-प्यू वर्गीकरणावरून केवळ अंदाज बांधता येतो.

कोणते औषध, कोणती लक्षणे?

प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या मेंदूविकारांचा एक व्यापक आढावा अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यात ५४ प्रतिजैविकांशी संबंधित ३९१ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास करण्यात आला होता. या दुष्परिणामांचे तीन मुख्य प्रकार त्यांनी मांडले.

पहिला प्रकार पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधांचा आहे. उपचार सुरू झाल्यावर काही दिवसांतच रुग्ण गोंधळतो, स्नायूंना अचानक हिसके बसतात आणि कधी फिट येते. मेंदूतील उत्तेजना आवरून धरणाऱ्या गॅबा या रसायनाच्या कार्यात ही औषधे अडथळा आणतात. या गटात सेफेपिम हे औषध विशेष चर्चेत राहिले आहे. ते प्रामुख्याने मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मात्रा कमी न केलेल्या रुग्णांमध्ये, बाहेरून झटके न दिसता मेंदूत सतत फिटची अवस्था राहू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली दिला. असा रुग्ण केवळ गुंगीत असल्यासारखा दिसतो. जलोदराच्या पाण्यातील संसर्गावर नेहमी वापरले जाणारे सेफ्ट्रियाक्सोन तुलनेने सुरक्षित मानले जाते, कारण ते पित्त आणि लघवी अशा दोन्ही मार्गांनी बाहेर पडते. मात्र यकृत आणि मूत्रपिंडे दोन्ही बिघडलेली असल्यास त्याची मात्रा दिवसाला २ ग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे औषधासोबतच्या माहितीपत्रकात नमूद असते. इमिपेनेम या कार्बापेनेम गटातील औषधानेही फिट येऊ शकते.

दुसऱ्या प्रकारात भास, संशय आणि अस्वस्थता ही मानसिक लक्षणे प्रामुख्याने दिसतात. सिप्रोफ्लॉक्सासिन व लिव्होफ्लॉक्सासिनसारखी क्विनोलोन औषधे, सल्फा औषधे आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांचा त्यात समावेश होतो. क्विनोलोन औषधांमुळे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते आणि क्षीण यकृताकडे साखरेचा साठा मुळातच कमी असतो. त्यामुळे अशा रुग्णाचे भान हरपल्यास सर्वप्रथम साखर तपासणे गरजेचे असते.

तिसरा प्रकार मेट्रोनिडाझोलचा आहे. फ्लॅजिल, मेट्रोजिल अशा नावांनी घरोघरी परिचित असलेले हे औषध जुलाबापासून यकृतातील अमीबाजन्य गळवापर्यंत अनेक आजारांत वापरले जाते. त्याचा दुष्परिणाम बहुधा काही आठवड्यांच्या उपचारानंतर दिसतो. बोलणे जड होते, चालताना तोल जातो, हातापायांना मुंग्या येतात. लहान मेंदूतील ठरावीक केंद्रांवर परिणाम झाल्याचे एमआरआय तपासणीत दोन्ही बाजूंना सारखेच दिसते. हे औषध यकृतात विघटित होत असल्याने, यकृताचा तीव्र बिघाड असलेल्या रुग्णांमध्ये त्याची मात्रा निम्मी करण्याची शिफारस आहे. औषध वेळीच थांबवल्यास बहुतेक रुग्ण सुधारतात. मुंग्या आणि बधिरपणा मात्र रेंगाळू शकतो.

क्षयरोगाच्या उपचारातील पेच

भारतात या विषयाचा विचार क्षयरोगाला वगळून करता येत नाही. क्षयरोगावरील प्रमुख औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला इजा करू शकतात. सिरोसिसच्या रुग्णाला क्षयरोग झाल्यास, यांतील एक किंवा अधिक औषधे वगळून पर्यायी औषधे द्यावी लागतात. आयएलबीएसमधील डॉक्टरांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका आढाव्यात याच अडचणींचा ऊहापोह केला आहे.

मात्र यकृताला सांभाळून घेणारी ही पर्यायी औषधे मज्जासंस्थेला सांभाळून घेतातच असे नाही. इथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर परिणाम करते. रुग्णाला लाल-हिरवा रंग ओळखता येईनासा होतो आणि दृष्टी मंदावते. स्ट्रेप्टोमायसिन आणि अमिकासिन कानाच्या नसांना बाधतात; चक्कर येते, ऐकू येणे कमी होते. लिव्होफ्लॉक्सासिनने झोप उडते आणि क्वचित फिट येते. सायक्लोसेरिनमुळे नैराश्य किंवा भ्रम निर्माण होऊ शकतो. आयसोनियाझिड चालू ठेवले, तर त्यामुळे ब-६ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन पायांची आग होते आणि मुंग्या येतात. मद्यपानामुळे यकृत बिघडलेल्या व कुपोषित रुग्णांमध्ये ही शक्यता अधिक असते. पायरिडॉक्सिनची लहानशी गोळी हा त्यावरील स्वस्त आणि परिणामकारक प्रतिबंध आहे.

अशा रुग्णांची उपचारापूर्वी व उपचारादरम्यान दृष्टी आणि श्रवणशक्ती तपासणे, तसेच त्यांच्या मनःस्थितीची विचारपूस करणे, हा रक्ततपासणीइतकाच उपचाराचा भाग आहे.

औषधांना न जुमानणारे जिवाणू

जिवाणूंचा वाढता प्रतिकार हे या प्रश्नाचे आणखी एक अंग आहे. कार्बापेनेम औषधांना निष्प्रभ करणाऱ्या एका विकराला दिल्लीचे नाव मिळाले. एनडीएम-१ या नावाने ओळखले जाणारे हे विकर, भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात २००८ साली सापडले. या नामकरणावर भारताने तीव्र आक्षेप घेतला होता. दिल्लीतील पाण्याच्या नमुन्यांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत या विकराचे जनुक आढळले.

साध्या औषधांना जिवाणू दाद देईनासे झाले की सेफेपिम, इमिपेनेम किंवा कोलिस्टिन यांसारख्या औषधांकडे वळावे लागते. आयएलबीएसमध्ये जलोदराच्या संसर्गावर सेफेपिम आणि इमिपेनेम यांची तुलना करणारी चाचणी झाली व ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. मज्जासंस्थेवरील परिणामांबाबत ज्यांचा उल्लेख नेहमी होतो, अशी ही दोन औषधे या रुग्णांमध्ये किती आवश्यक झाली आहेत, हे त्यावरून कळते. कोलिस्टिनमुळे तोंडाभोवती व हातापायांना मुंग्या येतात आणि क्वचित श्वसनाचे स्नायू दुबळे पडतात.

निदान कसे केले जाते?

सर्वांत उपयुक्त पुरावा असतो तो कालक्रमाचा. लक्षणे औषध सुरू होण्यापूर्वीची आहेत की नंतरची? संसर्ग आटोक्यात येत असताना रुग्णाची शुद्ध हरपत असेल, तर औषधाविषयी शंका घेण्यास जागा असते. लॅक्टुलोज देऊन शौचास व्यवस्थित होत असूनही सुधारणा नसेल, तर ही शंका बळावते.

रक्तातील अमोनिया वाढलेला असणे हा यकृतजन्य मेंदूविकाराचा निर्णायक पुरावा नव्हे. मात्र तो सामान्य असल्यास निदानाचा फेरविचार करावा, असे युरोपीय यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. ईईजी तपासणीत दिसणाऱ्या त्रिकलीय लहरी यकृताच्या विकारात आणि सेफेपिमच्या दुष्परिणामात अशा दोन्ही ठिकाणी आढळतात. तरीही छुपी फिट ओळखण्यासाठी ही तपासणी आवश्यक ठरते. एमआरआयमध्ये मेट्रोनिडाझोलच्या खुणा लहान मेंदूत दिसतात, तर जुनाट यकृतविकारात मँगनीज साठल्याच्या खुणा मेंदूच्या मध्यभागातील केंद्रांत असतात. हिसके व फिट सेफॅलोस्पोरिनकडे, तर बोबडे बोलणे व तोल जाणे मेट्रोनिडाझोलकडे निर्देश करते. साखर व सोडियम कमी होणे, डोक्याला मार लागून रक्तस्राव होणे आणि मेंदूज्वर या शक्यताही वगळाव्या लागतात.

औषधाविषयी शंका दाट असल्यास ते बंद करून संसर्गावर दुसरे प्रतिजैविक दिले जाते. सेफेपिमच्या बाबतीत बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत सुधारू लागतात. मूत्रपिंडे निकामी असल्यास डायलिसिसचा उपयोग होतो.

प्रत्यारोपणानंतरची खबरदारी

देशातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झाले. त्यानंतर ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्या रुग्णांची संख्या वाढत गेली. त्यांना नवे यकृत टिकवण्यासाठी टॅक्रोलिमससारखे औषध दररोज घ्यावे लागते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन घेतल्यास टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढते आणि हातांना कंप, डोकेदुखी, गोंधळ किंवा फिट असे परिणाम होऊ शकतात. उलट रिफॅम्पिसिनमुळे ही पातळी घटते आणि नवे यकृत नाकारले जाण्याचा धोका संभवतो. सर्दी-खोकल्यासाठी जवळच्या दवाखान्यात जातानाही प्रत्यारोपणाची कल्पना देणे म्हणून अत्यावश्यक आहे.

कुटुंबीयांनी काय करावे?

घरातील माणसांना रुग्णाचे नेहमीचे वागणे ठाऊक असते, त्यामुळे बदल प्रथम त्यांच्याच लक्षात येतो. झोपेची वेळ उलटणे, सहीचे वळण बदलणे, हातातील वस्तू पडणे, चालताना झोक जाणे, हातापायांत हिसके येणे, ऐकू किंवा दिसणे कमी होणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपल्यास किंवा फिट आल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

प्रतिजैविक स्वतःच्या मनाने बंद करू नये. यकृताच्या रुग्णात अर्धवट उपचार झालेला संसर्ग जिवावर बेतू शकतो आणि मेंदूविकारही बळावू शकतो. त्याचप्रमाणे स्वतःच्या मनाने कोणतेही प्रतिजैविक सुरूही करू नये. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनुसार सेफॅलोस्पोरिन व कार्बापेनेम गटांतील अनेक औषधे तसेच क्षयरोगावरील औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई असून, विक्रेत्याने त्यांची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. मेट्रोनिडाझोल या अनुसूचीत नसले, तरी तेही चिठ्ठीवरच मिळणारे औषध आहे. लॅक्टुलोज घेणाऱ्या रुग्णाला दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचास होणे अपेक्षित असते. त्याहून अधिक जुलाब झाल्यास लॅक्टुलोजची मात्रा कमी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे; जुलाबाची गोळी परस्पर देऊ नये. झोप येत नाही म्हणून झोपेचे औषध देणेही तितकेच धोक्याचे आहे.

सर्व औषधांची नावे, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख एका कागदावर लिहून तो कागद प्रत्येक भेटीत सोबत न्यावा. रुग्णालय बदलताना डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या जपून ठेवाव्यात.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही करू शकतात. २०१० साली सुरू झालेल्या भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आरंभी दिल्लीच्या एम्समध्ये होते. २०११ मध्ये ते गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे सोपवण्यात आले. तेथील निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ हा असून, ग्राहकांसाठीचा नोंदणी अर्ज मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार करण्यात आला आहे. दुष्परिणाम औषधामुळेच झाला, याची खात्री असण्याची अट नाही. केवळ शंका असली तरी नोंद करता येते. यकृताच्या रुग्णांमध्ये अशी शंका सहसा आजाराच्या नावे जमा होते आणि नोंद राहून जाते. तशी नोंद झाल्यास पुढच्या रुग्णासाठी औषधाची निवड आणि मात्रा ठरवताना तिचा उपयोग होऊ शकतो.